तीन ठोके

पूर्वी उद्यमबागेत पंपांची पाती आखायचे,
आता भरमूमामांची मांडी.
स्कॅनच्या आठशे चकत्या एकीवर एक रचल्या
तेव्हा पडद्यावर धमनी उभी राहिली,
गुडघ्याच्या वर चार बोटं बुजलेली,
चाळीस वर्षांच्या विड्यांनी.

जाळी विणली. बावीस लाख घरं.
एकेका घराला विचारायचं,
रक्त कुठून आलं, कुठं निघालं, किती घाईत.
आणि दोन्ही टोकांना, सीमेवर काय चाललंय
ते आधी लिहून द्यायचं,
नाहीतर गणित सुटतच नाही.
बेळगावात हे मला
कुणी शिकवायला नको.

रात्री नऊला चालू केलं.
सकाळी आठला हाती आले
तीन ठोके.
तोवर वॉर्डात मामांचं खरं काळीज
कुणाला काही न विचारता
सत्तेचाळीस हजार वेळा वाजून गेलं होतं.

डॉक्टर निलजगींनी मामांनाच बोलावलं बघायला.
चाकाच्या खुर्चीतून आले, मांडीवर डब्याची पिशवी.
"तुमचीच शीर काढायची, इथून इथं जोडायची.
असा फाटा."
साठ अंशांचा. जोडासमोर निळा डाग,
रक्त तिथं गरगरतं, रेंगाळतं.

मामा पुढं वाकले.
हिडकलच्या कालव्यावर तीस वर्षं पाटकरी.
"हितं गाळ धरतंय बघ गे.
इतका ताठ फाटा काढलीस तर
पाणी पल्याडच्या काठाला धडकतंय, आन् मागं भोवरा.
निजवून काढ की. पाटाला लगटून."

मी गप्प.
तीस अंशांचं गणित त्या रात्रीसाठी
आधीच लावून ठेवलं होतं,
पण ते त्यांना सांगवेना.
काचेवर बोटाचा ठसा राहिला,
नेमका डागावर.
दुसऱ्या दिवशी डाग आक्रसला, ठसा तेवढाच.

"तीस म्हणजे लांब चीर, जास्त टाके,"
डॉक्टर म्हणाले, "आणि हात म्हणजे माउस नव्हे."
आत पस्तीस जमले की अडतीस,
कुणी मोजलं नाही.

माझी जाळी घोट्याच्या वरच संपते.
पुढं फक्त एक आकडा, विरोध नावाचा,
मी अंदाजानं भरलेला.
पाऊल माझ्या गणितात नाहीच.
तिथंच, पावलाच्या पाठीवर, सिस्टर रेणुकानं
गार जेल लावून यंत्र टेकवलं.
आधी नुसती खरखर.
तिनं जरा तिरकं धरलं.
मग हुश्श. हुश्श.
(माझ्या पडद्याला आवाज नव्हता कधीच.)

मामा डोळे मिटूनच म्हणाले,
"नीर बिट्टार."
पाणी सोडलंय.

पाळी किती दिवसांची,
ते त्यांनी विचारलं नाही.
विचारलं असतं
तरी मला सांगता आलं नसतं.