काकपद

टायपिंग क्लास बंद केला त्या वर्षी
सात कॉम्प्युटर भंगारात दिले, आठवा ठेवला,
कारण त्याचा स्पेसबार अजून कुरकुरत नव्हता.
रामबागेतल्या मागच्या खोलीत
तो तीन वर्षं टॉवेल पांघरून बसला.

जेल रोडचा दुकानदार म्हणाला,
"मैडम, नया विंडोज डालोगी तो हाँफ जाएगा बेचारा.
लिनक्स डालो. और चार जीबी रैम."
रॅमची पट्टी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळली.
मी ती पर्समध्ये किल्ल्यांपासून लांब ठेवून आणली,
लॅबला न्यायच्या काचपट्टीसारखी.

खालच्या पंचोलींचा हर्षुल
पेनड्राइव्ह तयार करून देऊन क्रिकेटला पळाला.
"कुछ पूछे तो नेक्स्ट दबाते जाना, आंटी."
पण मी नेक्स्ट दाबणारी बाई नाही.
मी सूचना वाचते.

आधी भाषा विचारली.
मराठी होती, खूप खाली, नेपाळी आणि हिंदीच्या मध्ये.
मग गाव विचारलं. नकाशावर मी नेमकं इंदूर टिचकावलं,
त्याने शांतपणे लिहिलं: कोलकाता.
मी वाद घातला नाही.
नाव एकदा असंच बदललंय माझं, तांदळाच्या ताटात.

मग तो प्रश्न:
सगळी डिस्क पुसायची,
की जुन्याच्या शेजारी नवं बसवायचं?

डिस्कवर अकराशे फाइली.
रुखसाना_२५शब्द. रुखसाना_नापास.
रुखसाना_पुन्हा. रुखसाना_पुन्हा_पुन्हा.
(आता जिल्हा कोर्टात आहे, तारखा टाइप करते,
रस्त्यात भेटली की बोटं दाखवते.)
पडद्यावर एक उभी रेघ होती, सरकवता येणारी.
भाऊ-भाऊ वाटण्या करताना दोरी धरतात
तशी मी ती धरली. थोडी इकडे, थोडी तिकडे.
चहा गार झाला.
शेवटी जुन्यांना चाळीस जीबी दिले.

वायफाय त्याला ओळखत नव्हतं.
फोनला केबल लावून इंटरनेट घातलं,
सलाइन लावावी तसं.

काळ्या खिडकीने पासवर्ड मागितला.
मी टाइप करते, काही उमटत नाही.
टिंब नाही, चांदणी नाही.
कीबोर्ड बिघडला म्हणून खालून ठोकलासुद्धा.
मग आठवलं,
मी मुलींच्या हातांवर रुमाल टाकायचे,
बघायचं नाही, बोटांना माहीत असतं.
आज रुमाल माझ्या हातांवर होता.
दुसऱ्यांदा न बघता लिहिला.
उघडलं.

त्यानंतर दोन दिवस फक्त पॅकेजं उतरत होती,
ओळींमागून ओळी, माझ्या चांगल्या दिवसांतल्या
स्पीडपेक्षाही जोरात. मी नुसती बघत बसले.
भाजी लागली.

माझा पहिला प्रोग्राम:
दोन फाइली शेजारी ठेवून चुका मोजायच्या,
जे काम मी लाल पेनाने
पंचवीस वर्षं केलं, चुकीला अर्धा मार्क कापून.
सहा ओळी लिहिल्या, एंटर मारला.

तो म्हणाला, चौथी ओळ.
आणि माझ्या ओळीखाली, शब्द संपतो तिथे,
एक छोटं टोक काढलं: ^

अगंबाई, काकपद!
इथे काहीतरी राहिलंय, एवढंच सांगणारं.
हर्षुलला दाखवलं तर म्हणाला,
"इसको तो हमारी हिंदी वाली मैम हंसपद बोलती थीं."
मराठीत कावळा, तोच हिंदीत हंस.
दोघांचं बोट मात्र एकाच जागेवर.

दोन टिंबं राहिली होती, एकावर एक.

मार्क कापला नाही त्याने.
रुखसानाच्या कागदांवर मी किती गोल काढले होते,
लाल, जाड, कागद फाटेपर्यंत.
त्या चाळीस जीबीत ते गोल कुठेच नाहीत,
तिथे नुसत्या तिच्या ओळी आहेत.

टिंबं दिली. एंटर.
आता सातव्या ओळीखाली टोक आलंय.
सातवी ओळ मी लिहिलेलीच नाही.
थांबा, सूचना वाचते.