स्वेच्छेने

रेशनकार्डावर अमरनियस,
वीजबिलावर ए. आर. मिनियस,
फक्त कंपनीच्या हजेरीपटावर बरोबर :
आर्मिनियस योहान उजगरे, फिटर, टोकन चारशे बारा.

नाव आजोबांचं. ते इगतपुरीला मेथडिस्ट मंडळीचे पाळक.
हॉलंडात एक पंडित होऊन गेला, म्हणायचे,
त्याने सांगितलं : कृपा दाराशी येते,
कडी मात्र आतून असते.
पप्पा तेव्हा आठ दिवसांचे. झोपले होते.

दिघ्याच्या कारखान्यात एकदा जर्मन साहेब आला
नवी मशीन बसवायला. बिल्ला वाचून थबकला.
आमचा लढवय्या, म्हणाला, जंगलात चिखलात
तीन रोमन पलटणी बुडवल्या त्याने.
आणि आधी? आधी रोमचाच पगारी,
रोमचं चिलखत, रोमची भाषा.
पप्पांनी पाना पुसून खिशात घातला.
रात्री आईला म्हणाले, मी दोन माणसांचा आहे गं.
आई म्हणाली, दोघांनाही सांग, गॅस संपलाय.

मग ते फॉर्म आले, पिवळसर, तीन पानी.
वर ठळक : स्वेच्छानिवृत्ती.
खाली बारीक : मी कोणत्याही दबावाशिवाय.
मॅनेजर म्हणाला, उजगरे, तुमचं लोक ऐकतात,
एकेकाला समजवा. वरचे दोन लाख तुमचे.

पप्पा गेले. गेटबाहेर, नाल्याकाठी, पाटलाच्या टपरीवर
चार दिवस बसले समजवायला.
पाचव्या दिवशी गठ्ठा तसाच परत आणला,
वर स्वतःचाही, कोरा.

पंडिताचंही असंच झालं होतं, मला पुढे सांगितलं त्यांनी.
एकाचं मत खोडायला बसवला होता त्याला,
खोडता खोडता पटलं.

अकरा महिन्यांनी कुलूप लागलं.
सही केलेल्यांना जास्त मिळाले.
आई यावर काही बोलली नाही, अजूनही बोलत नाही.
फक्त हिशेबाची वही तिने स्वतःकडे घेतली.

तिथे आता काचेची इमारत. मी सातव्या मजल्यावर.
परवा चष्मा विसरले, पप्पा घेऊन आले.
गेटवर रखवालदाराने विचारलं, नाव?
सांगितलं.
एवढं मोठं? नुसतं ए लिहू का, काका?

मागे रांग, डिलिव्हरीवाले, उन्हात हेल्मेटं.
पप्पांनी हात पुढे केला,
म्हणाले, द्या इकडे पेन.