थोरल्या जाऊबाईंचं साखरेचं यंत्र

तेराव्यानंतर उदयसिंह म्हणाला,
काकू, मशीन पडूनच आहे, तुम्ही न्या.
सुया तेवढ्या नव्या आणा.

दांडिया बाजारात केतनभाईंनी
पट्ट्यांची डबी काउंटरवर ठेवली.
मशीन तो मफत जेवुं, बेन, पैसा पट्टीना.
एकेक पट्टी ताकाच्या पिशवीएवढी महाग.

सकाळी, चहाआधी,
करंगळीशेजारच्या बोटाला टोचलं, कडेला.
मधोमध टोचलं तर दिवसभर ठणकतं,
असं कागदावर लिहिलंय.
थेंब आधी येईना. मग आला,
काडीनं कुंकू टेकवावं तेवढा.
पट्टीनं तो ओढून घेतला.
पाच, चार, तीन, दोन, एक.
एकशे अडतीस.

मागचं बघायला डावं बटण दाबलं
तर माझ्यामागे त्या उभ्या.

यंत्राच्या लेखी अजून दोन हजार अठरा चालू आहे.
सात वर्षं मिळवायची, बाकी चोख.

रात्री तीन दहा: चोपन्न.
तीन पंचवीस: एकोणसत्तर.
पावणेचार: एकशे चार.
म्हणजे उठल्या, साखर खाल्ली,
ओट्यापाशी स्टुलावर बसून राहिल्या,
आणि भिंतीअलीकडे मी झोपलेली.
चार इंचांची भिंत.
त्यांचा मिक्सर मला नऊ वर्षं खुपला,
डबा उघडल्याचा आवाज कधी आला नाही.

नऊ वर्षं का बोलत नव्हतो?
टाकीचा व्हॉल्व्ह.
आणि एक चांदीचं तबक, जे नंतर
माळ्यावरच सापडलं. माझ्या.

अनघाच्या लग्नात त्या आल्या,
अक्षता टाकल्या आणि न जेवता गेल्या,
असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.
त्या रात्री अकरा चाळीस: तीनशे बारा.
म्हणजे जेवल्या.
बासुंदी घेतली, बहुतेक दोनदा.

शेवटच्या नोंदीत आकडा नाही.
इंग्रजी अक्षरं दोन, एच आणि आय.
केतनभाई म्हणाले, सहाशेच्या वर
मशीन मोजतच नाही.
मी आधी ते वाचलं
पोरं फोनवर म्हणतात तसं: हाय.
मग मराठीत वाचलं.

आता रोज माझा आकडा
त्यांच्या आकड्यांवर जाऊन बसतो.
यंत्र विचारत नाही बोट कुणाचं.
तीस दिवसांची सरासरी काढतं, दोघींची मिळून:
एकशे एक्क्याऐंशी.
डॉक्टरांना दाखवून उपयोग नाही.
महिना भरला की त्या त्यातून गळतीलच.

बाकीचं पुसायचं कसं, तेही कागदावर आहे.
दोन्ही बटणं दाबून धरा, सहा मोजा.
काल चारपर्यंत मोजलं.
मग दूधवाला आला.