ग दोनदा वाजायचा

कीबोर्ड उघडला तेव्हा आत हळद होती.
पट्ट्यांच्या फटीत, सर्किटवर, स्क्रूच्या डोक्यातसुद्धा.
घणसोली गावठाणातल्या काकाच्या बेंजो पार्टीचा माल,
पंधरा वर्षं मांडवात वाजलेला.
भूपेश म्हात्रे म्हणाला, मावशी, हा मधला ग
एकदा दाबला तरी दोनदा वाजतो.

रबाळ्याच्या कारखान्यात मी अकरा वर्षं
बोर्डांना डाग दिले.
कारखाना गेला, हात राहिले.
आता कोपरखैरण्यात अर्धा गाळा,
मिक्सर, टेबलफॅन, आणि ही पोरं.

नाव म्हणे होल्डिंग पाँड.
म्हटलं, डासांच्या तळ्याचं नाव कोण घेतं?
शीबा कुरियन हसली. नेरूळची. तिचं मराठी
शाळेच्या गणवेशासारखं, इस्त्री मारलेलं.
म्हणाली, भरती असेस्तोवर ते पाणी धरून ठेवतं ना,
तसा आम्ही सूर धरतो.

ग दुरुस्त करायला पैसे पुरले नाहीत.
तसाच गेला तो पहिल्या अल्बमात.
भूखंड क्रमांक नऊ. आठ गाणी.
प्रत्येकात कुठेतरी ग अडखळतो,
दारात चप्पल काढताना तोल जावा तसा,
आणि खाली, ड्रम मशीनच्या पोटात,
काकाचा हळदीचा ठेका,
जो त्यांना पुसताच आला नाही.

मग पैसे आले. कुठून, मी विचारलं नाही.
नवी रबरपट्टी बसवून घेतली, एकशे ऐंशी रुपये.
मग कीबोर्डच बदलला.
मग लॅपटॉप.
दिवाबत्ती मी ऐकली ऐरोलीत,
मुलीच्या कंपनीखालच्या चहावाल्याकडे.
काचेच्या इमारतीसारखा आवाज, बारा मजले,
आतून कुणी बाहेर बघत नाही.
छान होता, खोटं कशाला बोलू.
एकही सूर कुणाला घासत नव्हता.
घरी येईपर्यंत चाल आठवेना.

तिसऱ्यात शीबा नव्हती. म्हणजे होती,
पण तिचा एकच श्वास,
गाण्याआधी घेतलेला,
कापून कापून सगळीकडे लावलेला.
ती तोवर कोट्टायमला, आईच्या डायलिसिसपाशी.
लोक म्हणाले, केवढा प्रयोग!
मला वाटलं, पोरगं विचारतंय,
पुढे काय म्हणणार होतीस.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या रात्री
मी शटर ओढताना भूपेश आला.
काखेत तोच कीबोर्ड, उशीच्या अभ्र्यात.
मावशी, तो बिघाड परत घालता येईल?

असं गिऱ्हाईक पहिलंच.
बिघाड काय डाग देऊन बसतो?
तो घासून घासून येतो, कुणीतरी
एकच पट्टी रोज जरा जास्त जोरात दाबल्यावर.
पण जुनं रबर श्रीखंडाच्या डब्यात होतं.
मी काही फेकत नाही, यापलीकडे कारण नाही.
लावलं.

ग दोनदा वाजला नाही.
रबर वाळलं होतं. दाबला की
थोडं थांबून वाजायचा,
हाक ऐकलेल्या म्हाताऱ्यासारखा:
आधी खुर्चीला हात,
मग ओ.

भूपेशने चार-पाचदा दाबून पाहिला. बोलला नाही.
पैसे द्यायचेही विसरला.

चौथ्याचं नाव गाळ.
त्या एका उशिरासाठी बाकी सगळे सूर
मागे सरकवलेत त्यांनी. ठेकासुद्धा वाट बघतो.
तिसऱ्या गाण्यात शीबा आहे, फोनवरून गायलेली,
लाइनच्या खरखरीसकट,
आणि मागे कुणीतरी मल्याळममध्ये
औषधाची वेळ विचारतंय.

आभारात माझं नाव छापलंय. कुसुम जगताप.
मी जगदाळे.
लगेच फोन लावला.
म्हटलं, हा बिघाड मात्र काढ.
आणि माझे दोनशे आणून दे.