बिऱ्हाड

कुओपिओच्या दवाखान्यात त्यांनी मला शिशाचा एप्रन घातला,
भिजलेल्या घोंगडीएवढा जड.
मी दुभाषी. म्हणजे बहीणच,
पण विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं बजावलेलं.
उलाच्या जांघेतून एक बारीक नळी
मानेपर्यंत वर गेली,
जशी तो बर्फाखालून दोरी सरकवतो
एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे, जाळ्यासाठी.

"दोन्ही हात वर. मोजत राहा."

आधी मेंदूची डावी बाजू निजवणार होते.
पाच मिनिटं, फार तर सहा.
तिथूनच उठतात त्याचे झटके,
आणि तिथूनच, कागदोपत्री, माणूस बोलतो.
डॉक्टर रासानेननी आकृती काढून सांगितलेलं:
शब्द डावीकडे. चेहरे, वाटा, सूर उजवीकडे. साधारण.
त्या "साधारण"वर त्यांनी पेन दोनदा टेकवलं होतं.

औषध गेलं. उजवा हात
पाण्यात सोडून दिलेल्या वल्ह्यासारखा खाली आला.
आणि उला मोजतच राहिला.
सोळा. सतरा. अठरा, जरा वैतागून.
कार्ड दाखवलं. "क्युएली," म्हणाला. मासा.
मग किल्ली. मग हातमोजा.
मग, न विचारता:
"हा उजव्या हाताचा आहे, माझ्या काय कामाचा?"
रासानेनचं पेन थांबलं.

मला कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही,
की हा दोन वर्षांचा असताना फणफणला होता.
इनारीचं तळं, मेअखेर,
बर्फ ना धड चालण्याजोगा, ना वल्हवण्याजोगा.
दवाखाना पलीकडच्या काठाला.
तीन रात्री आई त्याला मांडीवर घेऊन बसली,
उजेड असूनही कंदील लावून.
चौथ्या दिवशी तो उठला तो डावखुरा.
गेलेले शब्द शरदापर्यंत एकेक करून परतले,
आम्हाला वाटलं, तेच, तिथेच.
कोणाला ठाऊक,
की त्या तापात भाषेनं रातोरात बिऱ्हाड हलवलं,
भांडीकुंडी उचलून पलीकडे गेली,
आणि तिथल्या चेहऱ्यांना, वाटांना म्हणाली,
जरा सरका, मीही आहे.

दुपारी उजवी बाजू.
डावा हात पडला.
दाराची कडी वाजवावी,
आत कोणी चालतंय हे कळावं,
आणि दार उघडूच नये, तसे त्याचे डोळे.
कार्ड. कार्ड. कार्ड.
चौथं कार्ड.
ओठ हलले. मग एकच शिवी निसटली,
आमच्या भाषेतली, बोटीच्या इंजिनाला तो देतो ती.
"काय म्हणाले?" रासानेन वळल्या.
"काही नाही," मी म्हणाले.
दुभाषी म्हणून माझं पहिलं खोटं.

आमच्यात क्युएली म्हणजे मासा, किएला म्हणजे भाषा.
दोन्ही ओल्या हातातून सुटतात.
बोलणारे उरलो असू चारेकशे.
इतक्या थोड्यांत एक माणूस पाच मिनिटं गप्प झाला
तरी काठावर उभ्या माणसाला कळतं.

मग तपासणी: काय आठवतं?
सकाळची सगळी चित्रं त्यानं ओळखली.
दुपारचं एकही नाही.
"हे चांगलंच आहे," रासानेन म्हणाल्या,
"डावीकडे ठेवलेलं असं काही नाही. कापता येईल."
बरोबरच होतं त्यांचं.
छत्तीस वर्षं जिथे नुसती वीज कोसळत आली
ती रिकामी खोली.
तरी मला त्या खोलीचं वाईट वाटलं.
पहिला शब्द त्यानं आणून ठेवला होता तो तिथेच,
कोणता होता, ते आईला विचारायचं राहून गेलं.

रात्री गाऊनच्या नाडीला
डाव्या हातानं जाळ्याची गाठ मारत बसला होता.
"दुपारी काय काय दाखवलं?"
"चमचा, फणी, होडी. आणि कंदील."
"कंदील?"
त्यानं दातांनी गाठ ओढून घट्ट केली.
"थापा मारू नकोस.
कंदील माझ्या लक्षात राहिला असता."