हातचा

बेकरीची पाटी उतरवायला शिडी नव्हती,
म्हणून झाझाने खिडकीतून ओणवं होऊन
'पाव' एवढाच शब्द पांढऱ्या रंगाने खोडला.
उरलं ते कंपनीचं नाव झालं: पहाटे पाच.
कुताईसीच्या नोंदणी कचेरीतली बाई म्हणाली,
पहाटे पाचला काय?
एतेरीने सांगितलं, ते अजून ठरायचंय.

मी लामारा. मोटारींच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
पगारपत्रकं लिहिली, कारखाना बुडेपर्यंत.
सिनेमातलं मला कळत नाही.
पिठाच्या टेबलावर या तिघांनी सह्या केल्या,
साक्षीदार म्हणून चौथी माझी.
कागद उचलून झटकला
तर शाईला पीठ चिकटलेलं.

भागभांडवल: एक कॅमेरा, एतेरीच्या आत्याचा हार विकून घेतलेला.
मालखाझची मोटार, जिचं उजवं दार फक्त बाहेरून उघडतं.
झाझाचा आवाज, बँकेत बोलायला.
आणि भट्टी. विहिरीसारखी खोल, आता थंड, कोरडी.
तिच्यात हार्ड डिस्क ठेवतात
फडक्यात गुंडाळून, जसे पाव ठेवायचे.

सिनेमा एकच करायचा होता:
खाणीच्या गावात तारेवरचा पाळणा चालवणारी बाई,
जी सगळा जन्म दरीच्या अलीकडे थांबून
माणसं पलीकडे पाठवत आली.
त्यासाठी टीव्हीला काय काय विकलं ते माझ्या वहीत आहे.
लग्नाच्या केकांची स्पर्धा, अठरा भाग.
कोंबडीखाद्याची जाहिरात, तिच्यातला कोंबडा झाझा स्वतः.
कुणा मंत्र्याच्या मेहुण्याचा द्राक्षमळा,
पैसे अजून येणे.
केक आम्हीच खाल्ले, आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ.
ते मी कशातच दाखवलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात मालखाझ गेला,
पोलंडला, ट्रक चालवायला.
भांडण झालं नाही. निदान मोठ्याने नाही.
यादीतून त्याचं नाव काढ, झाझा म्हणाला.
मी त्याला शाळेतलं सांगितलं:
सात आणि आठ पंधरा, पाच लिहायचे, हातचा एक.
तो उत्तरात कुठे दिसत नाही,
पण विसरलास तर पुढचं सगळं चुकतं.
झाझा खिडकीशी जाऊन उभा राहिला.
नाव राहिलं.

लोक अजून येतात पहाटे, सवयीने.
परवा कारखान्यातला जुना वेल्डर बोंदो
पिशवी घेऊन दारात.
शोती आहेत का, दोन?
आत एतेरी तिसऱ्या रात्रीची जागी, डोळे तांबारलेले.
पाव नाही, म्हणाली, पण बसा.
आणि तिने त्याला तो पाळणा दाखवला:
रिकामा, धुक्यातून पलीकडे जाणारा,
दोन मिनिटं चाळीस सेकंद,
आवाज फक्त तारेचा.
बोंदोने टोपी काढून मांडीवर ठेवली.
संपल्यावर म्हणाला, तार करकरते आहे.
तेल मिळत नाही का त्यांना?

एतेरी हसली. मग हसायची थांबली.
तो आवाज मालखाझने टिपला होता,
बर्फात, तारेखाली उताणा पडून,
एकच हातमोजा घालून,
कारण दुसरा माईकला घातला होता.

आज बोंदो पुन्हा आला.
पलीकडच्या गल्लीतले दोन पाव, ऊन ऊन,
आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, अर्धी भरलेली.
त्या बाईला द्या, म्हणाला, आणि निघून गेला.

पावांचं सोपं आहे, किरकोळ जमा.
ही बाटली कुठे लिहू?
झाझा म्हणतो, लिहू नकोस.
एतेरी म्हणते, मालखाझच्या नावे टाक.
मी ती उघड्या वहीवर ठेवली आहे, मधल्या रेघेवर,
आणि पाव तोडते आहे.
उचलली तेव्हा खाली तेलाचा गोल डाग,
मागच्या चार पानांपर्यंत गेलेला.