नावं ठेवणे

रविवारी आमच्या दुकानाचं शटर अर्धंच वर असतं.
मेन रोडवरून कुणी वाकून आत आलं
तर समजायचं, हे गिऱ्हाईक नाही, हा पेनवाला.

काउंटरवर जुना टॉवेल, टॉवेलावर पेनं:
कुणाचं टोपण हरवलेलं,
कुणाच्या पोटातलं रबर वितळून डांबर झालेलं.
गायधनी सर बसायच्या आधीच विचारतात,
‘चिवडा आला का?’
खायचा नव्हे. सेल्युलॉइडचा.
पिवळ्यात तपकिरी कण, मधेच एखादा लाल.
कंपनीनं त्या नक्षीला काय नाव दिलं होतं, देव जाणे.
इथे तो चिवडा,
आणि लाल कण कमी असले तर फिका चिवडा.

कांद्याची साल उजेडात धरून ओळखायची,
गुलाबी पापुद्र्याखाली आणखी एक पापुद्रा.
डोळ्यांत पाणी येतं ते किंमत ऐकून.
निफाड म्हणजे गारठलेला पांढरा.
तांबट आळी, ठोके पडल्यासारखी चकाकते ती.
द्वारका सर्कल:
चहूबाजूंनी रेघा येतात
आणि एकही पुढे जात नाही.
आणि काझींची दाढी, काळ्यात करडं, टोकाला मेंदी.
काझी स्वतःच ते पेन हनुवटीला लावून दाखवतात
आणि विकायचं नाही म्हणतात.

मी निबा घासते, चिठ्ठ्या लिहिते,
दोऱ्यानं बांधते. नावं त्यांची, अक्षर माझं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर पगारकाका.
आडनाव पगार, नोकरी नोटांच्या छापखान्यात.
हा विनोद नाशिकरोडला चौतीस वर्षं चालला,
ते अजून हसतात, सवयीनं.
काम एकच: भिंगाखाली नक्षी.
रेघ केसभर सरकली की खूण,
आणि तो कागद बाजूला.
इथे सगळंच उलटं.
दोन पेनं हुबेहूब निघाली
की गायधनी सरांना संशय येतो.
काका ऐकायचे, भिंग पुसायचे.
नाव सुचवा म्हटलं तर म्हणायचे,
‘आयुष्यभर नावं ठेवली हो मी.
नाव ठेवायचं कसं, ते राहिलंच.’

गेल्या रविवारी अंबडच्या भंगारातून
खिळे-बिजागऱ्यांच्या पिशवीत एक एबोनाइटचं आलं.
एका अंगानं विटून शेवाळी-तपकिरी,
फक्त क्लिपखाली मूळचा काळा पट्टा.
क्लिप काढली तरी
तिची सावली तिथेच.

‘जळका पाव,’ काझी म्हणाले.
‘मे महिन्यातली गोदा,’ सर म्हणाले.
कुणाचंच कुणाला पटेना.
काकांनी हात पुढे केला.
डोळ्याला भिंग, भिंगाखाली पेन,
चहावर साय धरली तरी मान खालीच.

‘बाजूला ठेवलेलं,’ ते म्हणाले.

‘हे काय नाव झालं?’ सर उसळले.
‘आणि नक्षी कुठाय यात?’

मग काका, ज्यांनी पाच वर्षांत
बिस्किटाला नको म्हणण्यापलीकडे शब्द काढला नव्हता,
ते वाद घालू लागले.
पेन फिरवून दाखवलं, ऊन कुठून आलं,
किती वर्षं आलं, क्लिप कुठल्या बाजूला होती.
म्हणाले, फेकलेल्या वस्तूवर
ऊन असं शिस्तीत एका अंगानं पडत नाही.
कुणाच्या तरी खिडकीत होतं हे.
घेऊ म्हणून ठेवलं होतं.
ही उन्हाची छपाई आहे, मास्तर,
आणि रेघ अजिबात सरकलेली नाही.

सरांनी मान्य केलं नाही. अजूनही करत नाहीत.

मी त्याच पेनात शाई भरली.
पहिल्या दोन अक्षरांना ते अडलं,
मग कागदाची ओळख पटल्यासारखं चाललं.
शेवटच्या ‘लं’वरचा टिंब मात्र
वाटाण्याएवढा पडला, पसरला.
दुसरी चिठ्ठी घेणार होते.
काकांनी भिंगातून ती पाहिली
आणि म्हणाले, असू दे.